वाटणी न होणारी संख्या

कडब्याच्या १२ पेंढ्या घ्या. त्यांचे सारखे ढीग लावा. दोन-दोनचे लागतील, तीन-तीनचे लागतील, चार-चारचे आणि सहा-सहाचेही लागतील. आता आणखी एक पेंढी आणा. १३ झाल्या. आता लावा पाहू सारखे ढीग! कसेही लावा, काहीतरी उरतेच. एक तर सगळ्यांचा एकच ढीग, नाहीतर एकेक पेंढी वेगळी. अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात. २, ३, ५, ७, ११, १३ या मूळ संख्या आहेत. १ ला मात्र त्यांच्यात धरत नाहीत.

मूळ संख्या ओळखावी कशी? १०१ घ्या. तिला २, ३, ५, ७ यांनी भागून पहा. भाग जात नाही. पुढे ११ येतात. पण अकरा अकरे १२१, म्हणजे १०१ च्या वर गेले. तेथे थांबावे. १०१ ही मूळ संख्या ठरली. चार भागाकारांत काम झाले.

मोठ्या संख्येचे काम इतके सोपे नाही. नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे मास्तर होते. १९३० ते १९६२ पर्यंत त्यांनी तेथे शिकविले. संख्यांचा त्यांना मोठा नाद! नुसत्या एकाच्या अंकांनी केलेल्या संख्यांची गंमत त्यांनी पाहिली. १११ ला १११ ने गुणले की १२३२१ येतात. ११११ ला ११११ ने गुणले की १२३४३२१ येतात. अंक पायरीने चढतात नि पायरीने उतरतात.

या एकांच्या संख्यांत मूळ कोणत्या? ११ मूळ आहे. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. ११११ म्हणजे ११ गुणिले १०१. अठरा एकांपर्यंत पुढची प्रत्येक संख्या अशीच फुटते. पण पाटीवर १९ वेळा एक मांडा. ती संख्या फुटत नाही. ती मूळ आहे. एकेक संख्येने भागून हे ताडायचे तर १०५ कोटींपर्यंत भागाकार करावे लागतील. रात्रंदिवस मिनिटाला एक भागाकार केला, तरी दोन हजार वर्षे लागतील!

याचा आपल्याला उपयोग काय? बघा, १३ ला १७ ने गुणणे सोपे. पण नुसते २२१ सांगून 'कोणत्या दोन संख्या गुणल्या?' असे विचारले, तर डोके खाजवावे लागते. शेकडो अंकी दोन मूळ संख्या गुणल्या, तर तो गुणाकार फोडणे आजच्या संगणकालाही जमत नाही. बँकेचे मोबाईलवरचे व्यवहार ज्या कुलपांनी राखले जातात, त्यांतले एक कुलूप याच युक्तीने बनते.

हे कुलूप चोराला फुटत नाही. म्हणून तो फोन करून गोड बोलतो, आणि तुमच्याकडूनच पिन किंवा ओटीपी मागतो. कुलूप कितीही पक्के असो, किल्ली आपणच दिली तर काय उपयोग? ते आकडे कुणालाही सांगू नका.

करून पहा : १४३ ही संख्या कोणत्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे?