कसब्यात कोण जिंकलं यापेक्षा कोण घराबाहेर पडलं?

एपिसोड ऐकायला वेळ नसेल, बसमध्ये हेडफोन विसरला असाल, तर हे लिखित रूप तुमच्यासाठी. आजचा विषय: एखाद्या भागाचा राजकीय कल आणि तिथली मतदानाची टक्केवारी, यांचा एकमेकांशी नेमका संबंध काय? उदाहरण घेऊया पुण्याच्या कसबा पेठ मतदारसंघाचं.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९९५ पासून ही जागा भाजपकडे. गिरीश बापट सलग पाच वेळा आमदार, मग २०१९ मध्ये मुक्ता टिळक. त्या साधारण २८ हजारांच्या फरकाने जिंकल्या. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांचं निधन झालं आणि २६ फेब्रुवारी २०२३ ला पोटनिवडणूक झाली. निकाल काय? काँग्रेसचे रवींद्र धंगेकर भाजपच्या हेमंत रासने यांच्यापुढे सुमारे ११ हजार मतांनी. २८ वर्षांचा गड गेला. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले आणि रासने १९ हजारांहून जास्त मतांनी जिंकले.

आता मला सांगा, पावणेदोन वर्षांत लोकांची विचारसरणी दोनदा बदलली का? चहाच्या टपरीवर उत्तर मिळतं, "लोकांचा मूड बदलला." पण आकडे थोडी वेगळी गोष्ट सांगतात.

आकडे शेजारी शेजारी ठेवूया

२०१९ मध्ये भाजपला सुमारे ७५ हजार मतं होती. २०२३ मध्ये ६२ हजार. २०२४ मध्ये ९० हजार. धंगेकरांचं काय? २०२३ मध्ये सुमारे ७३ हजार आणि २०२४ मध्ये जवळपास ७० हजार. म्हणजे हरताना त्यांची मतं फार घटलीच नाहीत! फरक पडला तो दुसऱ्या बाजूच्या २८ हजार जादा मतांनी.

आणि टक्केवारी? २०२३ ला साधारण ५० टक्के, तेही रविवार असताना. २०२४ ला ५८ टक्क्यांच्या वर. म्हणजे २०२३ मध्ये घरी बसलेल्यांपैकी बरेच जण २०२४ मध्ये बाहेर पडले आणि त्यांचा मोठा हिस्सा एकाच बाजूला गेला, असा अंदाज बांधता येतो. अंदाजच म्हणतोय, कारण मतदान गुप्त असतं. काही जणांनी बाजूही बदलली असेल.

गंमत बघा, २०१९ आणि २०२३ ची टक्केवारी जवळपास सारखी होती, तरी निकाल उलटा लागला. त्यामुळे "मतदान कमी झालं की अमुक पक्षाचा फायदा" हे सूत्र इथे टिकत नाही. टक्केवारी किती, यापेक्षा त्या टक्क्यांमध्ये कोण होतं हे महत्त्वाचं.

साधं गणित

समजा एका बूथवर १००० नावं आहेत. ६०० जणांचा कल 'क' पक्षाकडे, ४०० जणांचा 'ख' कडे. 'क' वाल्यांपैकी ४० टक्के आले, म्हणजे २४०. 'ख' वाल्यांपैकी ६५ टक्के आले, म्हणजे २६०. 'ख' जिंकला! एकाही माणसाने मत बदललेलं नाही. बूथवर एकूण ५० टक्के मतदान. बातमीत मात्र येणार, "बालेकिल्ला ढासळला."

मग लोक घरी का बसतात? नाराजी हे एक कारण. २०२३ मध्ये टिळक कुटुंबात उमेदवारी न दिल्याची कुजबुज पेठांमध्ये बरीच होती. त्याच मुद्द्यावर उभे राहिलेले आनंद दवे यांना मात्र तीनशेही मतं मिळाली नाहीत. यातून एक शक्यता दिसते: नाराज माणूस तिसऱ्याकडे जातोच असं नाही, बऱ्याचदा तो घरीच थांबतो. दुसरं कारण, समोरची बाजू एकत्र होती का? २०१९ मध्ये विरोधी मतं वाटली गेली होती, २०२३ मध्ये महाविकास आघाडीचा एकच उमेदवार होता.

टक्केवारीचा छेद तपासा

मी इंजिनियर माणूस, त्यामुळे भागाकार दिसला की आधी खालचा आकडा बघतो. टक्केवारी काढताना खाली असतात यादीतली नावं. पेठांमधल्या जुन्या वाड्यांतली कितीतरी कुटुंबं कोथरूड, सिंहगड रोडला राहायला गेली, पण नाव जुन्याच पत्त्यावर राहिलं. काही नावं दोनदा, काही दिवंगतांची. हे सगळे 'न आलेले' म्हणून मोजले जातात. त्यामुळे "पेठेतले लोक आळशी" असं म्हणण्याआधी यादी किती ताजी आहे ते विचारा.

उलटंही होतं. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी हजारो मुलं राहतात. रस्ता, मेस, अभ्यासिका सगळं भरलेलं, पण बहुतेकांचं मत गावाकडे. ती इथल्या टक्केवारीत नाहीतच. आणि जो यादीत नाही, त्याच्या पाण्याच्या प्रश्नाला नगरसेवक किती वजन देणार?

हे तुम्ही स्वतः बघू शकता

निकालानंतर 'फॉर्म २०' जाहीर होतो. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर मिळतो. त्यात प्रत्येक बूथवर कुठल्या उमेदवाराला किती मतं पडली ते असतं. पक्षांचे कार्यकर्ते हा कागद बारकाईने वाचतात. कुठल्या गल्लीत जोर लावायचा आणि कुठे वेळ घालवायचा नाही, हे त्यावरून ठरतं. तुमची सोसायटी मतदानाला उतरत नसेल, तर तुम्ही त्या हिशोबातून आपोआप गळता. मग तुमचा कल काहीही असो.

एक लक्षात ठेवा: बूथचा आकडा गल्लीबद्दल बोलतो, माणसाबद्दल नाही. शेजारच्या काकांनी कोणाला मत दिलं हे त्यावरून ठरवू नका.

आता कामाचं. घर बदललं असेल तर फॉर्म ८ भरा, पहिल्यांदा नाव नोंदवायचं असेल तर फॉर्म ६. दोन्ही मोबाईलवरून होतात. १८ पूर्ण झाल्याची तारीख मोजायला आता वर्षातून चार मुहूर्त आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. होस्टेलवर राहणाऱ्यांना गावचा पत्ता किंवा इथला, यापैकी एक निवडता येतो.

तुमच्या बूथचा फॉर्म २० काढून बघा आणि काय दिसलं ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!