बोटीच्या ऑइल कूलरला पाण्याची लाइन कशी जोडतात? पाणी आधी तेलाला की आधी इंजिनाला?

मे महिन्यात फोन चार्जिंगला लावून गेम खेळत बसलात की काय होतं? पाठ चटके देते, स्क्रीन अंधूक होते, गेम अडखळायला लागतो. फोन स्वतःच आपला वेग कमी करतो, कारण त्याच्याकडे थंड व्हायला पाणी नाही. आता ३००-४०० हॉर्सपॉवरचं इंजिन बोटीच्या बंद पोटात ठेवलंय असं समजा. त्याच्या चारही बाजूंना पाणीच पाणी आहे. प्रश्न एवढाच, की ते पाणी कुठून घ्यायचं, आधी कुणाला द्यायचं आणि कुठून बाहेर सोडायचं?

मी सॉफ्टवेअरवाला, त्यातून बुलढाणा जिल्ह्यातला. आमच्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरीही ज्याने विहिरीवरचं डिझेल इंजिन जवळून पाहिलंय, त्याला या विषयाचं अर्धं उत्तर आधीच माहीत असतं. कसं ते पुढे येईलच.

बोटीत तेल एवढं का तापतं?

इंजिन ऑइलचं काम फक्त वंगणाचं नाही. बेअरिंग, पिस्टन, क्रँक या भागांतली उष्णता तेच उचलून आणतं. कार एकदा वेगात आली की तिला फार ताकद लागत नाही. उतार येतो, सिग्नल येतो, इंजिन दम घेतं. बोटीला उतार नसतो. पाणी सतत मागे ओढतं, त्यामुळे वेगाने पळणाऱ्या बोटीचं इंजिन मिनिटामागून मिनिट जवळपास पूर्ण जोरात चालतं. वर ते बंद खोलीत, म्हणजे तेलाच्या टाकीला वाराही लागत नाही.

तेल साधारण ९० ते ११० अंश सेल्सिअसला खूश असतं. १३० च्या वर गेलं की पातळ होतं, लवकर खराब होतं आणि बेअरिंगवरचा त्याचा थर तुटायला लागतो. तिथून इंजिन जाम व्हायला वेळ लागत नाही. रस्त्यावर गाडी बंद पडली तर ती कडेला घेता येते. भर समुद्रात कडा नसते.

पण तेल फार थंड राहिलं तरी त्रासच. ७०-८० अंशांच्या खाली सतत राहिलं तर त्यात आलेला ओलावा आणि न जळलेलं इंधन उडून जात नाही. म्हणजे नुसतं गार करून भागत नाही, तापमान एका पट्ट्यात ठेवावं लागतं.

विहिरीवरचं इंजिन काय शिकवतं?

आता बहुतेक ठिकाणी विजेच्या मोटारी आणि सोलर पंप आले. पण पाण्यावर थंड होणारी जुनी डिझेल इंजिनं आठवा. पंपाच्या डिलिव्हरी पाइपला एक छोटं भोक, त्याला कॉक, तिथून बारीक नळी इंजिनात. इंजिनातून फिरून गरम झालेलं पाणी दुसऱ्या नळीने बाहेर पडून थेट दांडात. रेडिएटर नाही, पंखा नाही. पाणी आलं, उष्णता घेतली, निघून गेलं. चालवणारा माणूस मधूनमधून त्या धारेखाली हात धरायचा. कोमट लागलं तर ठीक, चटका बसला तर कॉक थोडा उघडायचा, धार नसेल तर इंजिन बंद.

बोटीतही हेच तत्त्व आहे. बाहेरचं पाणी आत घ्यायचं आणि काम झालं की बाहेर टाकायचं. फरक एवढाच, की बोटीत पाण्याचे गिऱ्हाईक जास्त आहेत: ऑइल कूलर, इंजिन आणि एक्झॉस्ट.

ऑइल कूलर म्हणजे एक नळकांडं. आत बारीक नळ्यांचा जुडगा. नळ्यांमधून पाणी जातं, बाहेरून तेल वाहतं. दोघं एकमेकांना शिवत नाहीत, फक्त उष्णतेची देवाणघेवाण होते.

जोडणीचे तीन मार्ग

१. एका रांगेत, कूलर आधी. बोटीच्या तळातलं भोक, त्यावर बंद करायचा व्हॉल्व्ह, मग गाळणी, मग पंप, मग ऑइल कूलर, मग इंजिन, शेवटी एक्झॉस्टमधून बाहेर. सगळं पाणी कूलरमधून जातं आणि तेही सगळ्यात गार असताना. अडचण एकच: कूलरचं तोंड अरुंद असेल किंवा कचऱ्याने तुंबलं, तर मागचं इंजिनही उपाशी राहतं.

२. वेगळी फांदी. पंपानंतर टी टाकून एक नळी कूलरला, दुसरी इंजिनला. कूलरचं पाणी स्वतःच्या भोकातून बाहेर. यात इंजिनाचा प्रवाह कूलरमुळे अडत नाही. पण पाणी आळशी असतं, जिथे अडथळा कमी तिथे जास्त पळतं. शेतात पहिल्या सरीचं तोंड मोठं ठेवलं की शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही, तसंच. त्यामुळे वाटणी जमवायला व्हॉल्व्ह लागतो.

३. इंजिननंतर कूलर. पाणी आधीच कोमट झालेलं, म्हणून तेल लवकर गरम होतं, पण गरज असते तेव्हा पुरेसं थंड होत नाही. शिवाय इंजिनचा थर्मोस्टॅट बंद असेल तर पुढे येणारं पाणीच कमी होऊ शकतं. जोरात पळणाऱ्या बोटीसाठी हा मार्ग कच्चा.

माझं मत विचाराल तर साध्या, भरवशाच्या जोडणीसाठी पहिला मार्ग, मात्र कूलरचं तोंड पाण्याच्या मुख्य लाइनइतकंच मोठं हवं.

मग तेल जास्त गार होणार नाही का?

होईल. इथे अनेकांना वाटतं, पाण्याचा कॉक थोडा दाबला की झालं. छोटं गणित करून बघू.

समजा तेलातून २० किलोवॉट उष्णता काढायची आहे, म्हणजे २ किलोवॉटचे १० गीझर. पाणी २८ अंशांचं आहे.

- मिनिटाला ३० लिटर पाणी: सुमारे १० अंश वाढ, बाहेर ३८ अंश.
- मिनिटाला १५ लिटर: सुमारे १९ अंश वाढ, बाहेर ४७ अंश.
- मिनिटाला ५ लिटर: सुमारे ५७ अंश वाढ, बाहेर ८५ अंश.

शेवटची ओळ धोक्याची. खारं पाणी ६० अंशांच्या वर तापलं की नळ्यांच्या आत क्षारांचा थर धरायला लागतो, घरच्या गीझरच्या कॉइलवर धरतो तसाच. थर वाढला की वाट आणखी अरुंद, पाणी आणखी कमी, उष्णता आणखी जास्त. म्हणून पाणी दाबायचं नाही, नियंत्रण तेलाच्या बाजूला ठेवायचं. तेलाच्या लाइनमध्ये थर्मोस्टॅट बसवतात. तेल गार असेपर्यंत तो त्याला कूलरला वळसा घालून पाठवतो, तापलं की कूलरकडे सोडतो.

जोडताना हे बघा

- पंपाच्या आधीचा होज तारेचा असावा. ओढीने साधा होज चपटा होतो.
- कूलरमध्ये पाणी खालून आत, वरून बाहेर. नाहीतर वर हवा अडकते आणि तेवढा भाग कोरडा राहतो.
- काटकोनी एल्बो कमीत कमी. जिथे होज पाण्याच्या पातळीखाली आहे तिथे दोन-दोन स्टेनलेस क्लॅम्प. एक होज निसटला तर बोटीत पाणी भरतं.
- खाऱ्या पाण्याला तांबे-निकेलच्या नळ्या आणि झिंकचा तुकडा. झिंक आधी झिजतो, कूलर वाचतो. तो वेळोवेळी बदलायचा.
- पाणी कसलं आहे ते बघून धातू निवडा. आमच्या लोणार सरोवराचं उदाहरण घ्या. ते २०२० पासून रामसर स्थळ आहे, तिथे बोट पळवायचा प्रश्नच नाही. पण त्याचा पीएच साधारण १० आहे. इतक्या अल्कधर्मी पाण्यात ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर विरघळतो.
- पंपातलं रबरी चक्र कोरडं चालवायचं नाही. पाण्याशिवाय ते थोड्याच वेळात जळून फाटतं.
- खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने लाइन धुवायची.

बिघाड कसा ओळखाल?

कूलरची आतली नळी फुटली तर दोन खुणा दिसतात. इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून तेल पाण्यात जातं: बोटीमागे इंद्रधनुषी तवंग दिसतो आणि तेलाची पातळी उतरते. इंजिन बंद झाल्यावर उरलेलं पाणी उलट तेलात शिरू शकतं. मग डिपस्टिकवर तेल दुधाच्या चहासारखं दिसतं. असं तेल दिसलं तर इंजिन सुरू करायचंच नाही.

तारकर्लीला किंवा मालवणला गेलात तर बोटीच्या मागे लावलेल्या आउटबोर्ड इंजिनकडे बघा. बाजूने पाण्याची एक बारीक पिचकारी उडत असते. ती दिसते तोवर आत पाणी फिरतंय. नावाड्याचं लक्ष अधूनमधून तिच्याकडे जातं. रीलसाठी कॅमेरा समुद्राकडे धरलेला असताना ती पिचकारी थांबलेली दिसली, तर लाजू नका, त्याला लगेच सांगा.