सेमिनोल युद्धे : जमिनीसाठी की पळालेल्या गुलामांसाठी?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला, हे आपल्या कार्यकर्त्यांना पाठ असते. पण ती मुक्ती कायद्याने येण्याआधी मळ्यांतून पळालेले गुलाम कुठे जात? बरेच जण उत्तरेकडे गेले. जॉर्जियातले काही दक्षिणेला, फ्लोरिडात गेले.

फ्लोरिडा तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता. क्रीक व इतर आदिवासी समूहांतून घडलेले सेमिनोल लोक तिथे राहत. पळून आलेले कृष्णवर्णीय त्यांच्या शेजारी आपली गावे वसवून शेती करत आणि पिकाचा काही वाटा सेमिनोल प्रमुखांना देत. हे नाते पूर्ण समतेचे होते असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, पण मळ्यावरच्या चाबकाशी त्याची तुलनाच नाही.

मळेवाल्यांना नेमके हेच खुपत होते. १८१६ मध्ये अमेरिकी सैन्याने अपालाचिकोला नदीवरचा, या पळालेल्यांच्या ताब्यातला किल्ला उडवला. तापवलेला तोफगोळा दारूच्या कोठारात पडला आणि बायका-मुलांसह आतले बहुतेक सगळे मेले. दोन वर्षांनी अँड्र्यू जॅक्सन फौज घेऊन थेट स्पेनच्या हद्दीत घुसला. १८१९ च्या करारात स्पेनने फ्लोरिडा सोडला.

पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या याच जॅक्सनने १८३० मध्ये आदिवासींना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला हलवण्याच्या कायद्यावर सही केली. अनेक सेमिनोलांनी जायला नकार दिला. १८३५ ते १८४२ अशी सात वर्षे ते दलदलीच्या आधाराने लढले. अमेरिकेचे सुमारे १५०० सैनिक मेले, त्यातले बहुतेक रोगराईने. १८३७ मध्ये पांढरे निशाण लावून बोलणीसाठी थांबलेल्या ओसिओला यांना जनरल जेसपच्या हुकमावरून पकडण्यात आले. पुढच्या जानेवारीत ते कैदेत वारले.

आपण कोणाशी लढतोय हे जेसपला चांगले ठाऊक होते. हे इंडियनांचे नव्हे, कृष्णवर्णीयांचे युद्ध आहे, असे त्याने १८३६ मध्येच वर कळवले होते. म्हणून त्याने ही युती फोडली. शरण येऊन पश्चिमेला जाणाऱ्या कृष्णवर्णीयांना त्याने १८३८ मध्ये स्वातंत्र्याचे आश्वासन दिले. रिकाम्या झालेल्या जमिनीवर १८४२ च्या कायद्याने सशस्त्र वसाहतवाल्यांना १६० एकर देऊ केले गेले. काही शे सेमिनोल मात्र दलदलीत टिकून राहिले.

आणि ते आश्वासन? १८४८ मध्ये अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलने ते कायद्याला धरून नाही असे ठरवले. त्यानंतर जॉन हॉर्स हे कृष्णवर्णीय सेमिनोल नेते बरीच कुटुंबे सोबत घेऊन मेक्सिकोत निघून गेले. तिथे गुलामगिरी आधीच बंद झाली होती.