डेकाचा खरखरीतपणा



आमच्या नरसी नामदेवास समुद्र नाहीं. आहे ती कयाधू नदी. तरीही शिडाच्या नौकेच्या डेकाविषयीं बोलण्याचें धाडस करितों, कारण त्यांतील वर्म घरोघरच्या पाट्यांत सांपडतें. पाटा गुळगुळीत झाला कीं वाटण नुसतें सरकूं लागतें, आणि त्यास टांकी लावून घ्यावी लागते. डेकावर वाटणाच्या जागीं माणसाचा पाय असतो, एवढाच भेद.

हा भेद मात्र प्राणाशीं गांठ घालणारा आहे. गोव्यांत बांधलेल्या ५६ फुटी ‘म्हादेई’ नौकेंतून दिलीप दोंदे यांनीं २००९-१० सालीं एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा एकट्याचा पाय ओल्या डेकावरून सुटला, तर नौका मागें फिरवावयास वर कोण उरणार?

फायबरग्लासच्या पुष्कळ जुन्या नौकांच्या डेकावर बारीक उंचवटे मुळांतच ओतलेले असतात. पायांखालीं त्यांचे माथे झिजतात. मालक वरचेवर रंग देतो आणि डेक नवा झाला असें मानतो. वस्तुतः रंगाचा प्रत्येक हात उंचवट्यांमधील खळगे भरीत जातो आणि डेक अधिकच निसरडा होतो.

प्रथम लांकडी हातोडीनें डेक ठोकून पाहावा. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर आंतील लांकूड पाण्यानें कुजल्याचा संशय धरावा, आणि त्याची दुरुस्ती होईपर्यंत रंगाचा डबा उघडूं नये. मग तेल-मेण द्रावकानें पुसावें, आणि नंतरच कांचकागद चालवावा. क्रम उलटला तर घासण्यानें मेण आंत मुरतें आणि नवा रंग पापुद्र्यांनीं सुटतो.

कड्या-खुंट्यांभोंवतीं चिकटपट्टी लावून बोटभर जागा गुळगुळीत राखावी. बाकीच्या भागास इपॉक्सीचा हात द्यावा, आणि तो ओला असतांनाच त्यावर स्वच्छ कोरडी बारीक वाळू चाळणींतून भुरभुरावी; खालचा रंग दिसेनासा होईपर्यंत. येथें हात आंखडला कीं ठिगळें दिसतात. सुकल्यावर सुटी वाळू झाडून वर रंगाचे दोन पातळ हात द्यावे. वाळू पाय धरते खरी, पण गुडघेही सोलते. त्यासाठीं प्लास्टिकचे बारीक मणी सौम्य. कांहीं लोक तर साखर भुरभुरतात! रंग सुकल्यावर ती पाण्यानें विरघळते आणि खळगे उरतात. रेशनच्या रांगेंत उभे राहिलेल्यांस ही उधळपट्टी वाटेल, पण युक्ति नामी आहे.

रंग मात्र फिकट राखी असावा. आपल्या उन्हांत गडद डेक तळवे भाजतो, आणि शुभ्र डेक डोळे दिपवितो. सर्व वाळल्यावर बादलीभर पाणी ओतून अनवाणी चालून पाहावें. अर्थात् नौका धक्क्यास बांधलेली असतांनाच.