घर झाडा, मन हलके होईल

आमचे गाव निमगाव सावा. घट बसण्याआधी इथे घरोघर झाडलोट चालते. गोधड्या धुतात, भिंती सारवतात. पण माळ्याकडे कोण बघतो?

आमच्याही माळ्यावर काय नव्हते? फुटकी घमेली, मोडकी तिफण, फाटकी पोती. "असू द्या, कधी तरी लागेल," असे आम्हीच म्हणायचो. एकदा शेताची पावती सापडेना. धाकट्या भावाशी बोलाचाली झाली. दोन महिने अबोला! शेवटी घरच्या मंडळींनी पदर खोचला आणि सारा माळा खाली काढला. पावती आमच्याच जुन्या पेटीच्या तळाशी निघाली. चूक आमची होती. त्याच सांजेला भावाच्या दारी गेलो. तेव्हा कुठे रात्री झोप लागली.

पसारा नुसती जागा खात नाही. शोधाशोधीत वेळ जातो, चिडचिड होते, जिवाला घोर लागतो. अडगळीत उंदीर होतात, उंदरामागे साप येतो.

मग काय करावे? रोज एकच कोपरा घ्या. हात घालण्याआधी काठीने हलवा, विंचू असतो. तीन ढीग करा: लागणारे, दुसऱ्याला देण्याजोगे, टाकायचे. महत्त्वाचे कागद एकाच पिशवीत ठेवा, आणि ती जागा घरात सर्वांना सांगा.

गाडगेबाबा (१८७६–१९५६) दिवसा खराट्याने गाव झाडीत, रात्री कीर्तनाने मने झाडीत. त्यांच्या नावाने २००० साली राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गाव मोठे आहे. आपण आपल्या माळ्यापासून आरंभ करू या.