दोन गाई, सहा मेंढ्या आणि एक डुक्कर

मागच्या वेळी आपण ऋण आणि उपकार या दोन कल्पनांमधला फरक पाहिला होता. व्याख्यान संपल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, 'सर, हे सगळं ठीक आहे, पण हा फरक व्यवहारात कुठे दिसतो?' प्रश्न रास्त आहे. म्हणून आज नवा सिद्धांत मांडत नाही. एका म्हाताऱ्या, कफल्लक सैनिकाने सरकारकडे केलेला पेन्शनचा अर्ज घेऊन बसू.

त्याचं नाव जोसेफ प्लम मार्टिन. जन्म १७६० चा. अमेरिकेने इंग्लंडविरुद्ध स्वातंत्र्याचं युद्ध पुकारलं तेव्हा तो आजी-आजोबांकडे कनेटिकटमध्ये राहत होता. १७७६ च्या उन्हाळ्यात, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा महिन्यांसाठी भरती झाला. मुदत संपली, घरी आला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा गेला. या वेळी 'युद्ध संपेपर्यंत' असं लिहून देऊन. न्यूयॉर्कच्या लढाया, फोर्ट मिफ्लिनचा वेढा, मन्मथ, शेवटी १७८१ चं यॉर्कटाउन, हे सगळं त्याने पाहिलं. शेवटची काही वर्षं तो 'सॅपर्स अँड मायनर्स'मध्ये होता. आपल्या खडकीला बॉम्बे सॅपर्स आहेत ना, त्याच जातीचं काम : खंदक खणणं, शत्रूच्या अडथळ्यांतून वाट काढून देणं. १७८३ च्या जूनमध्ये त्याला रजा मिळाली. वय बावीस.

हातात काय पडलं? रोख रक्कम नाही. थकलेल्या पगारापोटी कागदी प्रमाणपत्रं. सरकार पुढे कधीतरी पैसे देईल, अशा वचनाची. अंगावर धड कपडे नाहीत, घर शेकडो मैलांवर. मग या पोरांनी काय केलं असेल? ती प्रमाणपत्रं मिळेल त्या किमतीला विकली आणि कपडे घेतले. मार्टिननेही तेच केलं. असे कागद स्वस्तात गोळा करणारे लोक होतेच. पुढे सरकारने हे कर्ज मान्य केलं तेव्हा फायदा झाला तो कागद ज्यांच्या हातात होते त्यांचा.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. अधिकाऱ्यांना १७७८ मध्येच वचन मिळालं होतं की युद्धानंतर सात वर्षं अर्धा पगार मिळेल. पुढे ते आयुष्यभराचं झालं, मग त्याच्या बदल्यात पाच वर्षांचा पूर्ण पगार ठरला. अगदी शेवटपर्यंत टिकणाऱ्या साध्या शिपायाला त्याच ठरावात होते एकदाच मिळणारे ८० डॉलर. म्हणजे वचन देतानाच वर्ग पडलेले होते.

मार्टिन उत्तरेला मेनमध्ये गेला. ओसाड जमीन कसायला घेतली, लग्न केलं, मुलं झाली. आणि मग त्या सगळ्या मुलखाचा मालक म्हणून उभा राहिला हेन्री नॉक्स. हा कोण? वॉशिंग्टनच्या तोफखान्याचा प्रमुख, नंतर अमेरिकेचा युद्धमंत्री. बायकोच्या माहेरकडून त्याच्याकडे मेनमधल्या प्रचंड जमिनीचा हक्क आला होता. १७९७ मध्ये तो हक्क ग्राह्य धरला गेला. मार्टिनच्या शंभर एकरांची किंमत ठरली १७० डॉलर. ती त्याच्याकडे नव्हती. १८०१ मध्ये त्याने नॉक्सला पत्र लिहून विनवणी केली. ज्या सैन्यात एक तोफखान्याचा सेनापती होता, त्याच सैन्यात दुसरा साधा शिपाई. जमीन हळूहळू सुटत गेली आणि १८१८ पर्यंत काहीच उरलं नाही.

आता १८१८ कडे येऊ. राष्ट्राध्यक्ष मन्रो हे स्वतः त्या युद्धात जखमी झालेले. त्यांच्या पुढाकाराने मार्चमध्ये कायदा झाला : ज्यांनी मुख्य सैन्यात निदान नऊ महिने किंवा युद्ध संपेपर्यंत सेवा केली आणि ज्यांना परिस्थितीमुळे मदतीची गरज आहे, त्यांना पेन्शन. शिपायाला महिन्याला ८ डॉलर, अधिकाऱ्याला २०. मार्टिनने अर्ज केला, तो मंजूरही झाला. वर्षाला ९६ डॉलर.

कायद्याचं वाक्य जरा नीट ऐका. त्यात दोन अटी आहेत : सेवा केलेली असावी आणि गरज असावी. पहिली अट ऋणाची, दुसरी दानाची. दोन्ही एकाच वाक्यात बांधल्या, आणि गोंधळ तिथेच सुरू झाला.

अर्ज अपेक्षेच्या कितीतरी पट आले. खर्च फुगला. सुस्थितीतले लोकही पेन्शन खातात अशी ओरड झाली, आणि त्यात सगळंच खोटं होतं असंही नाही. मग १८२० च्या मे महिन्यात नवा कायदा आला. पेन्शन घेणाऱ्या प्रत्येकाने कोर्टात उभं राहून, शपथेवर, आपल्या सगळ्या मालमत्तेची यादी द्यायची. अंगावरचे कपडे आणि अंथरूण-पांघरूण तेवढं वगळून. शिवाय, पहिला कायदा झाल्यापासून गरीब दिसण्यासाठी आपण काही विकलेलं किंवा मुलांच्या नावावर केलेलं नाही, हेही शपथेवर सांगायचं.

त्या उन्हाळ्यात साठीला आलेला मार्टिन कोर्टात गेला. त्याने लिहून दिलं ते थोडक्यात असं : जमीन नाही, उत्पन्न नाही. दोन गाई, सहा मेंढ्या, एक डुक्कर. धंदा मजुरीचा, पण वयामुळे आणि दुखण्यांमुळे काम होत नाही. बायको संधिवाताने आजारी. मुलं पाच, त्यातलं एक जन्मापासून मतिमंद. पेन्शनशिवाय घर चालणार नाही.

मी हा जबाब पहिल्यांदा वाचला तेव्हा त्या डुकराशी थांबलो. सहा मेंढ्या ठीक आहे, पण एक डुक्करही सांगावं लागलं! यॉर्कटाउनच्या खंदकात रात्री कुऱ्हाड घेऊन पुढे गेलेला माणूस न्यायाधीशासमोर डुक्कर मोजून दाखवतोय.

आता तुम्ही म्हणाल, त्यात चूक काय? पैसा जनतेचा आहे, गरजूलाच जायला हवा. मान्य आहे. दान असेल तर गरज तपासलीच पाहिजे, न तपासता दिलेलं दान दुसऱ्या गरजूच्या तोंडचा घास काढतं. पण ऋण असेल तर? मी तुमच्याकडून पाच हजार उसने घेतले आणि परत मागायला आलात तेव्हा विचारलं, 'आधी सांगा, तुमच्या गोठ्यात किती जनावरं आहेत?' तर तुम्ही काय म्हणाल? माझ्या जनावरांचा आणि तुझ्या कर्जाचा संबंध काय, असंच ना? धनकोची श्रीमंती हे कर्ज बुडवायचं कारण होत नाही.

कान्टने कृतज्ञतेविषयी एक अवघड गोष्ट सांगितली आहे. उपकार करणारा आधी पुढे आलेला असतो, त्याचं ते आधीपण कशानेही भरून निघत नाही, म्हणून कृतज्ञतेचं ऋण कधीच पूर्ण फिटत नाही. ऐकायला फार उदात्त वाटतं. पण सरकारच्या तोंडी हीच भाषा आली की मला जरा भीती वाटते. जे कधीच फिटत नाही त्याची रक्कम ठरत नाही, आणि रक्कम ठरली नाही की वसुलीला जाता येत नाही. भाषणात ऋण अमर्याद, खिडकीवर मात्र 'कागद अपुरे आहेत'!

कागदांवरून आठवलं. १८०० च्या नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनमधल्या युद्ध खात्याच्या कचेरीला आग लागली आणि सैनिकांच्या नोंदी जळाल्या. पुन्हा १८१४ मध्ये इंग्रजांनी शहरच पेटवलं. म्हणजे नोंदी सरकारकडच्या, गेल्या सरकारच्या हातून, आणि पुरावा मागायचा कुणाकडे? म्हाताऱ्याकडे. ज्याच्याकडे रजेचा कागद शिल्लक होता तो सुटला. बाकीच्यांना जुने सोबती शोधावे लागले, तेही जिवंत असतील तर.

१८३२ मध्ये कायदा पुन्हा बदलला आणि गरिबीची अट गेली. सहा महिने सेवा केलेल्यालाही काही हिस्सा मिळू लागला, स्थानिक फौजेतलेसुद्धा आत आले. पुरावा म्हणून काय? म्हाताऱ्याने कोर्टात आपली हकीकत तोंडी सांगायची : कुठे भरती झालो, अधिकारी कोण, कुठल्या लढाईत होतो. कारकून लिहून घेणार. गावातला पाद्री आणि शेजारी सांगणार की हा माणूस खरं बोलणारा आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या आठवणी! कुणाला तारीख आठवत नाही, पण बर्फ होतं आणि पायात जोडे नव्हते हे आठवतं. त्या युद्धाच्या पेन्शन आणि जमिनीच्या अर्जांच्या सुमारे ८०,००० फायली आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. साध्या शिपायाच्या तोंडून त्या युद्धाची इतकी माहिती दुसरीकडे कुठे मिळणं कठीण.

आपल्याकडे हेच वळण फार वेगळ्या नावांनी आलं. १५ ऑगस्ट १९७२ ला स्वातंत्र्यसैनिकांसाठी केंद्राची पेन्शन योजना सुरू झाली, त्यात वार्षिक उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत असण्याची अट होती. १९८० मध्ये ती अट गेली आणि योजनेच्या नावात 'सन्मान' हा शब्द आला. अट निघणं आणि शब्द येणं एकदमच झालं, हा मला योगायोग वाटत नाही. १९८२ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या घटनापीठाने नाकरा खटल्यात सांगितलं की पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेतून निर्माण झालेला हक्क आहे. २००१ मध्ये, गुरदयाल सिंग यांच्या प्रकरणात, स्वातंत्र्यसैनिकाच्या पुराव्याला फौजदारी खटल्याची फूटपट्टी लावू नका, असंही सर्वोच्च न्यायालयाने बजावलं. निकाल उत्तम आहेत. पण हे सांगायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, तेही म्हाताऱ्या माणसांना.

मी स्वतः पेन्शनर आहे. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो. एका वर्षी यंत्राने माझा अंगठा ओळखला नाही. खिडकीवरची मुलगी सभ्य होती. म्हणाली, 'काका, सिस्टिम तुम्हाला घेत नाहीये.' मी समोर उभा, आणि मी आहे हे सिद्ध होईना. माझं दुखणं किरकोळ, दुसऱ्या दिवशी काम झालं. पण घरी आल्यावर मी मार्टिनचा जबाब पुन्हा काढून वाचला.

मार्टिनने १८३० मध्ये आपल्या आठवणींचं पुस्तक छापलं, लेखकाचं नाव न घालता. फारसं खपलं नाही. त्याचा शेवट चिडलेला आहे. म्हाताऱ्या सैनिकांना मिळणारे चार पैसे डोळ्यांवर येणाऱ्यांना त्याने चांगलंच सुनावलं आहे. त्याचं म्हणणं हिशेबाचं आहे : मी दिलेला शब्द देशाने माझ्याकडून काटेकोर पाळून घेतला, देशाने दिलेला शब्द मात्र सैल सोडला. उपकाराची भाषा तो करतच नाही. करार होता, एका बाजूने पाळला गेला, एवढंच.

१८३६ मध्ये अमेरिकन सैन्याची एक तुकडी त्याच्या गावातून चालली होती. हा म्हातारा इथे राहतो असं कळल्यावर ते घरासमोर थांबले आणि बंदुकींची सलामी दिली. १८५० मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी तो गेला.

आता वेळ होत आली. पुढच्या वेळी विधवांच्या अर्जांकडे वळू. १८३६ च्या कायद्यात त्यांना पेन्शन मिळू लागली, पण नवरा सैन्यातून सुटण्याच्या आधीच लग्न झालं होतं हे सिद्ध करावं लागे. काही बायकांनी घरच्या बायबलमधलं कुटुंबाच्या नोंदीचं पान फाडून अर्जाला जोडलं. ती पानं त्या फायलींमध्ये अजून आहेत.