गोळी मनाची, चौकशी अख्ख्या शरीराची

डिप्रेशनवरचं सुरुवातीचं एक औषध सापडलं ते चक्क टीबीच्या वॉर्डात! १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलात इप्रोनियाझिड घेणारे क्षयरोगी हसू-बोलू लागले, भरपेट जेवू लागले, नाचूही लागले. पुढे यकृताला इजा होते म्हणून ते मागे घेतलं गेलं. याच घराण्यातल्या गोळ्यांवर मुरलेलं चीज खाल्लं की बीपी भडकायचं. आज चिवट टीबीवर दिलं जाणारं लिनेझोलिडही शरीरात काहीसा तसाच परिणाम घडवतं. म्हणून डिप्रेशनची गोळी सुरू असेल तर टीबीच्या डॉक्टरांपासून ती लपवू नकाच.

एकाचा साइड इफेक्ट दुसऱ्याला वरदान! डिप्रेशनवरच्या मिर्टाझापीनने झोप येते, भूक खवळते. आजाराने खंगलेल्या, जेवणावरची वासना उडालेल्या माणसाला हेच हवं असतं. वजन आणि शुगर दोन्ही वाढलेल्याला मात्र नको. गंमत म्हणजे याचा डोस कमी असला की पेंग जास्त येते.

मधुमेहाने तळपायांची आग होतेय आणि मनही खचलंय? ड्युलोक्सेटीन दोन्हींवर चालतं, पण यकृत ठणठणीत हवं. ब्युप्रोपिऑन सिगारेट सोडायलाही मदत करतं. फिट येणाऱ्यांना मात्र ते वर्ज्य.

हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांसाठी सर्ट्रालीन भरवशाचं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ३६९ हृदयरुग्णांच्या चाचणीत ते सुरक्षित दिसलं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट स्तनाच्या कर्करोगाची. त्यावरच्या टॅमॉक्सिफेनचा खरा जोर यकृतातल्या एका एन्झाइममुळे तयार होणाऱ्या एंडॉक्सिफेनमध्ये असतो. डिप्रेशनवरची पॅरोक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीन नेमकं तेच एन्झाइम अडवतात! अशा वेळी डॉक्टर बहुधा व्हेन्लाफॅक्सीनकडे वळतात. त्याने अंगातून निघणाऱ्या गरम वाफाही कमी होतात. बाईच्या दोन फायली दोन दवाखान्यांत पडून असतील, तर हे जुळवायचं कोणी? माझ्या मते दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांना फोन करायलाच हवा.

काचबिंदू असेल किंवा प्रोस्टेट वाढलेलं असेल तर डिप्रेशनवरचं अमिट्रिप्टिलीन जपून. अंगदुखीवर मेडिकलमधून आणलेली आयबुप्रोफेन आणि सर्ट्रालीनसारखी गोळी एकत्र आली, तर पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आणि घरातल्या आजी! बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असताना सर्ट्रालीनसारखी नवी गोळी सुरू झाली की रक्तातलं सोडियम घसरू शकतं. आजींचा तोल जातो, बोलण्यात गोंधळ होतो आणि घरचे ‘आता वय झालं’ म्हणून सोडून देतात. गोळी मनाने बंद करू नका. सोडियमची साधी रक्ततपासणी करून घ्या, एक-दोन दिवसांत उलगडा होतो.